सिटोचा आकडा कुणाचा?

ॲमस्टेलफेन, हेग किंवा आइंडहोवनला बदली झालेलं मराठी कुटुंब भाड्याचं घर ठरवण्याआधी शाळेची चौकशी करतं आणि चौकशीतला पहिला प्रश्न बहुधा एकच असतो: "त्या शाळेचा सिटो स्कोअर किती?" प्रश्न स्वाभाविक आहे. आपल्याकडे दहावीचा निकाल लागला की 'सलग दहाव्या वर्षी शंभर टक्के निकाल' असा फ्लेक्स शाळेच्या फाटकावर चढतो. डच शाळेच्या फाटकावर असं काही नसतं, मग आकडा विचारूनच घ्यावा लागतो. पण त्या आकड्याभोवती इतके गैरसमज साचले आहेत, की उत्तर मिळूनही फारसं काही कळत नाही.

मुळात सिटो हे परीक्षेचं नाव नाही. 1968 साली आर्नहेममध्ये स्थापन झालेली ही चाचण्या तयार करणारी संस्था. तिच्यामागे आद्रियान द ग्रोट हे मानसशास्त्रज्ञ होते. बुद्धिबळपटू विचार कसा करतात यावरचं त्यांचं संशोधन जगभर गाजलं. 1966 साली त्यांनी एक पुस्तक लिहून डच शिक्षकांच्या गुण देण्याच्या पद्धतीची चिरफाड केली. एका वर्गात सहा मिळवणारं मूल दुसऱ्या वर्गात पाचावर अडकतं आणि त्या एका गुणापायी वर्ष वाया जातं, अशी त्यांची तक्रार होती. उपाय म्हणून त्यांनी सर्वांना सारखी, वस्तुनिष्ठ चाचणी सुचवली. म्हणजे चाचणीचा जन्म मुलाला न्याय मिळावा म्हणून झाला. शाळेला गुण देणं हे काम तिच्या गळ्यात नंतर पडलं आणि आजचे बरेचसे गैरसमज या दुहेरी नोकरीतून आले आहेत.

सगळ्यात गमतीचा गैरसमज आधी निकालात काढू. प्राथमिक शाळेच्या शेवटी होणारी जुनी सिटो चाचणी 501 ते 550 या पट्टीवर गुण द्यायची आणि देशाची सरासरी 535 च्या आसपास असायची. '550 पैकी 535' हे आपल्या डोक्यात लगेच 97 टक्के होतं आणि पेढे आणायला माणूस धावतो. प्रत्यक्षात पट्टी सुरूच 501 ला होते, त्यामुळे 535 म्हणजे निव्वळ मध्यम. शाळेत वर्षातून दोनदा होणाऱ्या प्रगती चाचण्यांतही हाच घोटाळा होतो. तिथे एक ते पाच अशा रोमन आकड्यांत श्रेणी मिळते आणि प्रत्येक श्रेणीत देशातली वीस टक्के मुलं बसतात. तीन मिळालेलं मूल नापासही नसतं आणि साठ टक्केवालंही नसतं, ते बरोबर मधल्या पाचव्या हिश्श्यात असतं. या श्रेणीतून मुलाला किती येतं याहून इतर मुलांच्या तुलनेत ते कुठे आहे हे कळतं.

आता 'सरासरी जास्त ती शाळा चांगली' या मुख्य प्रकरणाकडे येऊ.

डच शिक्षण निरीक्षणालय 1801 पासून चालत आलेलं आहे. शाळा कशी शिकवते यात मात्र त्याला फार हात घालता येत नाही, कारण राज्यघटनेच्या 23 व्या कलमाने शिक्षणाचं स्वातंत्र्य दिलं आहे. 1917 पासून कॅथलिक, प्रोटेस्टंट किंवा माँटेसरी पद्धतीच्या खासगी शाळांनाही सरकारी शाळांइतकंच सरकारी अनुदान मिळतं आणि देशातल्या बहुसंख्य प्राथमिक शाळा अशाच आहेत. पद्धत ज्याची त्याची, पैसा सरकारचा. मग सरकारने मोजायचं काय? निकाल. पण निकालाची कच्ची सरासरी काढली, तर शाळेच्या कामगिरीऐवजी वस्तीतल्या आईवडिलांच्या पदव्याच मोजल्या जातात, हे सरकारच्या फार पूर्वी लक्षात आलं.

म्हणून सध्या जो हिशेब चालतो, तो मुद्दाम समजून घेण्यासारखा आहे. केंद्रीय सांख्यिकी कार्यालय प्रत्येक प्राथमिक शाळेला 20 ते 40 च्या दरम्यान एक भारांक देतं. त्यासाठी आईचं आणि वडिलांचं शिक्षण, शाळेतल्या सगळ्या आयांच्या शिक्षणाची सरासरी, आईवडिलांचा मूळ देश, आई नेदरलँड्समध्ये किती वर्षं आहे आणि घर कर्जफेडीच्या सरकारी योजनेत अडकलंय का, इतक्या गोष्टी पाहिल्या जातात. हा भारांक जितका जास्त, तितकं शाळेचं काम अवघड. इथे आपली मंडळी हमखास उलटं वाचतात. 37 वाली शाळा 24 वालीपेक्षा वरची वाटते, पण तिच्यासमोर चढण अधिक आहे इतकाच त्याचा अर्थ.

2020 पासून निरीक्षणालय सरासरी गुण पाहतच नाही. ते दोन टक्केवाऱ्या पाहतं. किती मुलांनी भाषा आणि गणितात किमान पातळी गाठली ही पहिली आणि किती मुलांनी त्याहून वरची, अपेक्षित पातळी गाठली ही दुसरी. किमान पातळीसाठी 85 टक्क्यांची रेघ सर्व शाळांना सारखी. वाचता-मोजता येणं हा प्रत्येक मुलाचा हक्क आहे, तिथे घरच्या परिस्थितीची सबब चालत नाही. वरच्या पातळीची रेघ मात्र भारांकाप्रमाणे हलते. शिवाय निकाल एका वर्षाचा न धरता तीन वर्षांचा एकत्र धरतात, कारण आठवीच्या वर्गात पंधराच मुलं असतील तर दोन मुलांच्या तापानेही टक्केवारी कोसळते. (तिथली आठवी म्हणजे 'ग्रुप आठ', साधारण बारा वर्षांची मुलं. आपल्या आठवीशी गल्लत नको.)

ही रचना मला शहाणपणाची वाटते, निर्दोष नाही. आईच्या पदवीवरून मुलाकडून कमी अपेक्षा ठेवायची, असा एक धोका तिच्यात दडलेला आहे. दुसरं, घरी लावलेल्या शिकवणीचा भारांकात कुठेच हिशेब नाही. सधन वस्त्यांत चाचणीच्या तयारीचे क्लास डच पालकांनाही चांगलेच ठाऊक आहेत, तेव्हा उत्तम निकालाचं श्रेय शाळेचं की क्लासचं हे त्या आकड्यातून वेगळं काढता येत नाही. पुणेकर पालकाला हे समजावून सांगायची गरज नाही.

'बाराव्या वर्षी एका परीक्षेवर मुलाचं आयुष्य ठरतं' हेही छातीठोकपणे सांगितलं जातं. बाराव्या वर्षी वाटा फुटतात हे खरं: व्यवसायाकडे नेणारी चार वर्षांची व्हीएमबीओ, पाच वर्षांची हावो आणि विद्यापीठाकडे नेणारी सहा वर्षांची व्हीडब्ल्यूओ. पण वाट सुचवते ती शाळा. पूर्वी चाचणी फेब्रुवारीत व्हायची आणि मागणी असलेल्या माध्यमिक शाळा सरळ गुणांची अट घालायच्या. 2014-15 पासून चाचणी सक्तीची झाली, पण त्याच वेळी ती एप्रिलमध्ये गेली आणि शिक्षकांचा सल्ला तिच्या आधी द्यायचा असं ठरलं. निकाल सल्ल्यापेक्षा चांगला आला तर फेरविचार, वाईट आला तर काही नाही. परिणाम असा झाला की मुलाला घाबरायचं कारण उरलं नाही, घाबरायची वेळ शाळेवर आली. सल्ला हातात पडलेली बारा वर्षांची मुलं एप्रिलमध्ये जीव तोडून पेपर लिहीत असतील का? आणि त्याच पेपरांवर निरीक्षक शाळेचं मूल्यमापन करणार!

2023-24 पासून चाचणी पुन्हा फेब्रुवारीत आली. आता जानेवारीत तात्पुरता सल्ला, मग चाचणी आणि मार्चच्या अखेरीस अंतिम सल्ला असा क्रम आहे. चाचणीने वरची वाट दाखवली तर शाळेने सल्ला वाढवायचाच, मुलाच्या हिताचं कारण लेखी देता आलं तरच नाही. निकालामुळे सल्ला खाली येत नाही. हा नियम मुख्यतः कमी शिकलेल्या घरांतल्या मुलांसाठी आहे, कारण शिक्षक नकळत त्यांच्याबद्दल कमी अंदाज बांधतात. 2020 मध्ये करोनामुळे चाचणी रद्द झाली, तेव्हा ही वर चढायची शिडीच त्या वर्षीच्या मुलांसाठी नाहीशी झाली. चाचण्या म्हणजे गरिबांवरचा अन्याय, असं सरसकट म्हणणाऱ्यांनी हे वर्ष लक्षात ठेवावं.

आणि चाचणी एकच नसते. 2024 मध्ये नव्या नियमांनी पहिली चाचणी झाली, तेव्हा शाळांपुढे सहा मान्यताप्राप्त चाचण्यांचा पर्याय होता, सिटोची त्यांतली एक. सगळ्यांत काही समान प्रश्न घालून पट्ट्या जुळवल्या जातात, तरी शेजारच्या दोन शाळांची तुलना करताना त्यांनी कोणती चाचणी निवडली हे विचारलेलं बरं.

निकाल पडले म्हणून शाळेला लगेच टाळं लागत नाही. 'अतिशय कमकुवत' हा शिक्का बसायला निकाल तर अपुरे लागतातच, शिवाय अध्यापन किंवा सुरक्षितता यांसारख्या गोष्टींतही शाळा नापास व्हावी लागते. आकडा घसरला की निरीक्षक शाळेत जाऊन वर्गात बसतात. आकडा हे भेटीचं निमित्त.

'डच लोक शाळांची क्रमवारी लावतच नाहीत' ही समजूत बहुधा तिथल्या समतेच्या कौतुकातून आली असावी. 1997 मध्ये 'ट्रौ' या दैनिकाने निरीक्षणालयाकडची माहिती मिळवून माध्यमिक शाळांच्या गुणांची यादी छापली. समाजशास्त्रज्ञ याप द्रोंकर्स यांनी त्यासाठी हिशेब मांडला होता. मोठी खळबळ उडाली. 2013 मध्ये आरटीएल वाहिनीच्या बातमीदारांनी माहितीच्या अधिकारासारख्या डच कायद्याचा आधार घेऊन प्राथमिक शाळांचे सिटो गुण जाहीर केले. तेव्हाही शाळा चिडल्या आणि तेव्हाही पालकांनी आधी आपल्याच शाळेचा आकडा शोधला. आता 'स्खोलेन ओप द कार्ट' या संकेतस्थळावर शाळांची माहिती तुलनेसाठी उघड आहे.

पण उघड आकड्यातही काही झाकलेलं राहतं. आपल्याकडे दहावीच्या शंभर टक्के निकालात पटावरच्या किती मुलांनी शाळेच्या नावाने परीक्षा दिली, हे फ्लेक्सवर लिहिलेलं नसतं. कच्च्या मुलांना नववीनंतर 17 नंबरचा फॉर्म भरून बाहेरून बसायला लावतात, ही तक्रार जुनी आहे. छेद छोटा केला की टक्का आपोआप मोठा होतो. डच पद्धतीतही छेदातून काही मुलं वगळली जातात, पण नियम लिहिलेले आहेत.

पिसा या आंतरराष्ट्रीय पाहणीबद्दल थोडक्यात. पंधरा वर्षांच्या डच मुलांचे वाचनाचे गुण 2012 मध्ये 511 होते, ते 2022 मध्ये 459 वर आले. गणितात मात्र ती तेव्हाही 493 गुणांनी विकसित देशांच्या सरासरीच्या वरच होती. यातून एका देशाचा कल कळतो, कोपऱ्यावरच्या शाळेबद्दल काहीच कळत नाही, कारण पिसा नमुना घेऊन केलेली पाहणी आहे.

ॲमस्टेलफेनच्या प्रश्नाकडे परत यायचं तर शाळेला सरासरी न विचारता भारांक, तीन वर्षांच्या दोन्ही टक्केवाऱ्या आणि चाचणीचं नाव विचारावं. सोबत एक जादा प्रश्न: ग्रुप आठमधली किती मुलं या हिशेबात धरली नाहीत? देशात येऊन चार वर्षं झाली नाहीत आणि त्यामुळे डच भाषा पुरेशी येत नाही, अशा मुलांना चाचणीतून सूट मिळते आणि शाळेच्या निकालातही ती धरली जात नाहीत. दहाव्या वर्षी नाशिकहून आलेलं मूल शाळेने दोन वर्षांत किती पुढे नेलं, हे त्या आकड्यात कुठेच नसतं.