पालिशब्दांचे मराठी लेखन

विहारांतून व संस्थांतून प्रसिद्ध होणाऱ्या पुस्तिकांत 'भिक्खु', 'भिक्खू' आणि 'भिक्षु' ही रूपे कित्येकदा एकाच पानावर नांदतात. हा केवळ मुद्रणाचा प्रश्न नव्हे. उपासक-उपासिका वंदना पुष्कळदा पुस्तिकेवरूनच पाठ करतात. तेथे जे छापले जाते तेच मुखी बसते.

पालीत 'भिक्खु' हे प्रथमेचे एकवचन आणि 'भिक्खू' हे अनेकवचन होय. म्हणजे तेथे ऱ्हस्वदीर्घाने वचनच बदलते. मराठीची व्यवस्था निराळी आहे. मराठी साहित्य महामंडळाच्या १९६२ च्या नियमांप्रमाणे शब्दाच्या अंती येणारा इकार-उकार दीर्घ लिहावयाचा. समासातील पूर्वपद मात्र मुळाप्रमाणे ऱ्हस्व राहते. म्हणून आमच्या मते मराठी वाक्यात 'एक भिक्खू' आणि 'भिक्खुसंघ' असे लिहावे, पाली उताऱ्यात पालीचेच रूप राखावे. 'भिक्खुणी' हे रूप कितीही रुळले असले तरी ती पाली 'भिक्खुनी' आणि संस्कृत 'भिक्षुणी' यांची सरमिसळ आहे.

अनुस्वाराची गोष्ट अधिक नाजूक. मराठीत 'नांव', 'कांहीं' यांवरील न उच्चारली जाणारी टिंबे गेली, ते योग्यच झाले. परंतु टिंब खोडण्याची सवय जडलेला मुद्रितशोधकाचा हात पालीतही तसाच चालतो. तेथे अनुस्वार विभक्ती दाखवितो : 'बुद्धं' म्हणजे बुद्धाला, 'बुद्ध' म्हणजे हे बुद्धा! टिंब गळाले की ज्याला शरण जावयाचे तो शब्द नुसती हाक होऊन बसतो. उलट मराठीत 'भगवंतांनी', 'बाबासाहेबांनी' यांतील अनुस्वार आदरार्थी बहुवचनाचा आहे. तो विसरल्यास व्याकरणाबरोबर आदरही उणावतो.

'धम्म' आणि 'धर्म' हे शब्द आलटून पालटून वापरण्याजोगे नाहीत. बाबासाहेबांनी १९५७ साली प्रसिद्ध झालेल्या 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथात या दोहोंतील भेद मुद्दाम मांडला आहे. तरीही जनगणनेतील नोंदीविषयी लिहिताना 'धर्म' हाच शब्द योग्य, कारण तेथील प्रश्न धर्माचा आहे.

विरामचिन्हांविषयी फार लिहावयास नको. गाथेच्या मध्ये एक दंड, शेवटी दोन. मराठी गद्यात पूर्णविराम. दंडापुढे पुन्हा टिंब देण्याची जी चाल क्वचित दिसते, तिला कोणत्याच भाषेचा आधार नाही.