‘लांजी’ शोधलं तर ‘लांजीहून’ का सापडत नाही?

लांजी : आपल्या भागात मोबाइलवर शोधाशोध दोन भाषांत चालते. इकडची पोरं हिंदीत टाइप करतात, गोंदिया-आमगावचे सोयरे मराठीत. पण मराठीत शोधणाऱ्याच्या हाती कधी कधी काहीच लागत नाही, मजकूर असूनही. असं का होतं, ते समजून घ्यायचं तर शोधयंत्र आतून कसं चालतं ते बघावं लागेल.

तुम्ही शब्द टाकता तेव्हा यंत्र पानं वाचत बसत नाही. पुस्तकाच्या शेवटी असते तशी सूची त्याने आधीच करून ठेवलेली असते : कोणता शब्द, कोणकोणत्या पानांवर. २०१० साली आलेली इलास्टिकसर्च ही प्रणाली हेच करते. विकिपीडियाने २०१४ च्या सुमारास तिच्याकडे शोधाचं काम दिलं.

सूची एका मशिनीत मावत नाही, म्हणून तिचे तुकडे करतात. त्यांना शार्ड म्हणतात. प्रत्येक नोंदीच्या क्रमांकावरून एक गणित होतं आणि नोंद कोणत्या तुकड्यात जाणार ते ठरतं. म्हणूनच तुकडे किती, हे सुरुवातीलाच ठरवावं लागतं. मध्येच आकडा बदलला तर गणिताचं उत्तर बदलेल, आणि जुनी नोंद भलत्याच तुकड्यात शोधली जाईल. शोधताना मात्र सगळ्या तुकड्यांना विचारतात आणि आलेली उत्तरं एकत्र लावतात.

आता मशीन बंद पडली तर? त्यासाठी प्रत्येक तुकड्याची प्रत दुसऱ्या मशिनीवर असते. मूळ तुकडा आणि त्याची प्रत एकाच मशिनीवर कधीच ठेवत नाहीत. नवी नोंद आधी मूळ तुकड्यात जाते, मग प्रतींत, आणि नंतरच ‘झालं’ असा निरोप मिळतो. मूळ तुकडा गेला की प्रतच मूळ होते. वाचणारे वाढले तर प्रती कामाचा भारही वाटून घेतात. पण प्रत म्हणजे बॅकअप नव्हे बरं का! कुणी चुकून नोंद पुसली, तर ती प्रतींतूनही तेवढ्याच इमानदारीने पुसली जाते.

सूची कच्ची असेल तर तो कच्चेपणाही असाच सगळीकडे पोहोचतो. आपलं दुखणं इथंच आहे. हिंदीत ‘लांजी से’ हे दोन शब्द, त्यामुळे ‘लांजी’ सूचीत सुटा राहतो. मराठीत ‘लांजीहून’, ‘लांजीचा’, ‘लांजीत’ : प्रत्यय चिकटलेले, म्हणजे यंत्राच्या लेखी तीन वेगळे शब्द. ‘किल्ला’चं ‘किल्ल्यावर’ होतं तेव्हा तर मूळ रूपच बदलतं. प्रत्यय सोलून काढणारी तयार व्यवस्था इलास्टिकसर्चमध्ये हिंदीसाठी आहे, बंगालीसाठी आहे. तिच्या तयार भाषांच्या यादीत मराठी नाही. साइट बनवणाऱ्याला स्वतः नियम लिहिता येतात, पण तेवढी खटपट किती जण करतात?

तोवर विकिपीडियावर एक जुगाड चालतो. शब्दाचा न बदलणारा भाग लिहायचा आणि पुढे फुली मारायची : ‘लांजी*’ किंवा ‘किल्ल*’. त्या अक्षरांनी सुरू होणारे शब्द असलेली पानं समोर येतात.