सातबारा आणि जामीन

पुणे-नाशिक रस्त्याने चाकण मागे टाकून उत्तरेकडे निघाले, की कारखान्यांची रांग विरळ होत जाऊन जे तालुक्याचे गाव लागते, ते खेड, म्हणजे आजचे राजगुरुनगर. आणि चाकणच्या जमिनीचा दिवाणी दावा असो वा चाकणच्या ठाण्यात नोंदलेला फौजदारी गुन्हा, त्याची वाट बहुधा येथील न्यायालयाकडेच येते. ज्या हुतात्म्याचे नाव या गावाने धारण केले, त्या शिवराम हरी राजगुरूंवरील लाहोरचा खटला 1930 साली वटहुकुमाने नेमलेल्या तीन न्यायाधीशांच्या विशेष न्यायासनापुढे चालला. आरोपी गैरहजर असला तरी कामकाज चालावे आणि निकालावर उच्च न्यायालयात अपील असू नये, अशी तरतूद त्या वटहुकुमातच होती. बचावाचा आवाज काढून घेतल्यावर खटल्याचे काय उरते, हे या गावाला निराळे सांगावयास नको. आणि म्हणूनच येथे काळा डगला घालून आरोपीच्या बाजूने उभ्या राहणाऱ्या वकिलाविषयी मला मनापासून आदर वाटतो.

वकील म्हणजे कोर्टात तावातावाने बोलणारा मनुष्य, ही समजूत नाट्यगृहात जन्मलेली आहे. तालुक्याच्या वकिलाचा दिवस बोलण्यापेक्षा वाचण्यात अधिक जातो, आणि तो वाचीत असलेल्या कागदांत सर्वांत महत्त्वाचा कागद म्हणजे सातबारा.

ज्या शेतांतून एके काळी बाजरी आणि कांदा निघत असे, त्यांच्या शेजारी औद्योगिक वसाहत येऊन बसली आणि गुंठ्यागुंठ्याला मोल आले, तेव्हा वर्षानुवर्षे निजलेले वाटपाचे प्रश्न जागे झाले. सासरी गेलेल्या बहिणीचे नाव वारसनोंदीत लागलेच नाही, किंवा कधी तरी हक्कसोडपत्रावर तिचा अंगठा घेतला गेला, हे तिला जमीन विकली जाऊ लागते तेव्हा कळते. मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच जन्मसिद्ध हिस्सा महाराष्ट्राने 1994 साली आणि देशाने 2005 साली दिला, आणि त्या वर्षी वडील हयात असणे आवश्यक नाही, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट 2020 मध्ये दिला. परंतु हा हक्क कागदावरून बांधावर आणण्यासाठी वंशावळ जुळविणे, गट क्रमांक आणि चतुःसीमा तपासणे, फेरफाराच्या जुन्या नोंदी काढणे आणि दावा चालू असेतो जमीन विकली जाऊ नये म्हणून तूर्तातूर्त मनाई हुकूम मागणे, हे सारे वकिलालाच करावे लागते. हुकूमनामा झाला तरी काम संपत नाही, कारण सरकारी आकारणीच्या जमिनीचे प्रत्यक्ष वाटप जिल्हाधिकाऱ्यांमार्फत व्हावयाचे असते.

फौजदारी काम याहून निकडीचे. ज्याला अटक झाली त्याला 24 तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांपुढे उभे करावे आणि आपल्या पसंतीच्या वकिलाचा सल्ला त्याला मिळावा, हे संविधानाच्या बाविसाव्या अनुच्छेदाचे वचन आहे. वकील प्रथम फिर्याद वाचतो, फिर्यादीतली वेळ पाहतो आणि त्या वेळी आपला अशील कोणत्या पाळीला होता, कारखान्याच्या फाटकावरील हजेरीत त्याची नोंद आहे काय, हे शोधावयास माणूस धाडतो. दोषारोपपत्र 60 दिवसांत, गंभीर गुन्ह्यात 90 दिवसांत, आले नाही तर जामीन मागण्याचा हक्क उत्पन्न होतो. 1 जुलै 2024 पासून नवी संहिता लागू झाली, तरी ही मुदत टिकून आहे. वकिलाच्या फीची ऐपत नसलेल्यासाठी 1987 च्या विधी सेवा कायद्याने मोफत वकिलाची सोय केली असून, तिच्या हक्कदारांत औद्योगिक कामगार आणि कोठडीतील व्यक्ती यांचा स्पष्ट उल्लेख आहे. या पट्ट्यातल्या प्रत्येक कामगाराला ही एवढी गोष्ट ठाऊक असावयास हवी.

खरी अडचण जामीन मंजूर झाल्यावर येते. हमीदार आणा, असा हुकूम होतो. आणि बिहारातून किंवा मराठवाड्यातून आलेल्या तरुणाला येथे सातबारा असलेला आप्त कोठून मिळावा? परजिल्ह्यातला हमीदार केवळ परजिल्ह्यातला म्हणून नाकारता येणार नाही, असे मध्य प्रदेशातील एका गवंड्याच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने 1978 सालीच सांगितले. जामीन होऊनही सात दिवसांत सुटका न झालेल्या बंद्याची खबर तुरुंगाधिकाऱ्याने विधी सेवा प्राधिकरणास द्यावी, असा निर्देशही 2023 मध्ये निघाला. तरी कितीएक माणसे हमीदारावाचून आत राहतात, आणि याची खंत मला वाटते.

मग वकील निघतो तो त्या मुलाच्या घरमालकाकडे. शेताच्या कडेला चाळ बांधून खोल्या भाड्याने देणारा तो शेतकरी कोर्टाच्या पायरीस आजवर आलेला असतो तो आपल्याच भाऊबंदकीच्या तारखांना. आज तो दुसऱ्या शेताचा, वाद नसलेला सातबारा घडी घालून खिशात घेऊन आलेला असतो. न्यायाधीश कागद उलटून पाहतात आणि विचारतात, आरोपीला किती दिवसांपासून ओळखता?

“साहेब, दोन वर्षं माझ्या खोलीत राहतोय,” तो सांगतो, “एकदाही भाडं चुकलं नाही त्याचं.”