तराजूने हरवलेली स्प्रिंग

इटलीत बोलोन्या शहरालगत झोला प्रेदोसा नावाचं गाव आहे. मोटरसायकलींचे आणि माउंटन बाइकचे फोर्क, म्हणजे पुढचं चाक धरून धक्के झेलणाऱ्या नळ्यांची जोडी, बनवणारी मार्झोकी कंपनी तिथली. २०१५ च्या जुलैमध्ये तिचा सायकलींचा विभाग बंद होणार असल्याची बातमी आली आणि वर्ष संपायच्या आत अमेरिकेतल्या फॉक्स या कंपनीने तो विकत घेतला. त्याला आता दहा वर्षं होऊन गेली. मला त्याची आठवण झाली ती मात्र पुण्यातल्या एका दुकानात. जुन्या फोर्कसाठी थोडी कडक स्प्रिंग हवी होती. तिथल्या तरुणाने फोर्ककडे नीट पाहिलंही नाही. म्हणाला, "सर, कॉइल आता कोण वापरतं? एअर घ्या ना."

कॉइल, म्हणजे स्टीलची स्प्रिंग, ही मागची आणि तिच्या जागी कोंडलेली हवा ही पुढची, ही समजूत आता इतकी रुळली आहे की तिला कुणी हात लावत नाही. पण ती मुळातच चूक आहे. माउंटन बाइकचा पहिला गाजलेला सस्पेन्शन फोर्क म्हणजे पॉल टर्नरच्या रॉकशॉक्स कंपनीचा आरएस-१, आणि तो हवेवर चालायचा. १९९० मध्ये कोलोरॅडोतल्या ड्युरँगोला पहिली अधिकृत जागतिक अजिंक्यपद स्पर्धा झाली, तिथे ग्रेग हर्बोल्डने डाउनहिल जिंकली ती रॉकशॉक्सवरच. म्हणजे आधी आली ती हवा. पुढची काही वर्षं रबरी ठोकळ्यांच्या फोर्कची. थंडीत ते आखडायचे, काही महिन्यांत चपटे पडायचे. त्या काळाबद्दल याहून अधिक लिहिण्यासारखं काही नाही. या दोन्हींच्या खोडींवर इलाज म्हणून मार्झोकीचा बॉम्बर झेड-१ आला, १९९७ मध्ये. भडक नारिंगी रंग, आत स्टीलची स्प्रिंग आणि मोटरसायकलसारखं भरपूर तेल. तेच तेल झटके आवरायचं आणि तेच नळ्यांना वंगण द्यायचं. चिखलातून, पाण्यातून वर्षभर हाणला तरी तो तक्रार करत नसे.

मी जगलो ते दशक त्यानंतरचं, साधारण २००४ ते २०१४. आपल्याकडे चांगल्या बनावटीच्या परदेशी माउंटन बाइक दुकानांत दिसू लागल्या त्या याच काळात. वेताळ टेकडीवर, बोपदेव घाटाच्या वरच्या माळांवर, गुरांच्या वाटांवरून सायकल घालणारे आम्ही मोजकेच होतो. आणि इथेच कॉइलवर पहिला अन्याय झाला. स्वस्तातल्या सायकलींना जो फोर्क येई त्यात स्प्रिंग असायची, पण डॅम्पर नावालाच. दगडावरून उतरलं की पुढचं चाक परत उसळायचं, हातांना हिसके बसायचे. लोकांनी ठरवून टाकलं की कॉइल जड आणि वाईट. स्प्रिंग भार पेलते. दबलेली स्प्रिंग किती वेगाने उलटावी हे डॅम्पर ठरवतो, तेलाला बारीक छिद्रांतून जायला लावून. उसळी त्या फोर्कच्या डॅम्परची होती, बोल लागला स्प्रिंगला. हे मी तेव्हाही ओरडून सांगत होतो.

कॉइल चांगल्या फोर्कमध्ये असली की काय होतं ते रॉकशॉक्सच्या जुन्या पाइकने दाखवलं. त्याच्या माथ्यावर एक चक्री होती. ती फिरवत नेली की फोर्कचा ट्रॅव्हल, म्हणजे तो दबू शकतो ते अंतर, १४० मिलिमीटरवरून ९५ पर्यंत खाली यायचा. डोणज्याहून सिंहगडाचा चढ सुरू झाला की चक्री आत, पुढचा भाग खाली, अंग आपसूक हँडलवर. उतरताना चक्री पुन्हा बाहेर. तो फोर्क उघडायचा म्हणजे एक सोहळा असे. वरचं झाकण सोडलं की ग्रीसने माखलेली लांब स्प्रिंग हळूहळू बाहेर यायची. नळीच्या भिंतीवर आपटून खडखडू नये म्हणून तिच्यावर प्लॅस्टिकचं वेष्टण चढवलेलं असे. पुसली, नवं ग्रीस लावलं, परत घातली, झालं. वेगवेगळ्या वजनाच्या माणसांसाठी वेगवेगळ्या कडकपणाच्या स्प्रिंगा मिळत आणि रंगावरून त्या ओळखता येत.

मग २०१३ मध्ये नवा पाइक आला आणि तो फक्त हवेवर होता. फोर्क उत्तमच होता, त्याबद्दल वाद नाही. पण त्याच्या नळ्या ३२ ऐवजी ३५ मिलिमीटरच्या झाल्या होत्या आणि आत चार्जर नावाचा पूर्ण नवा, बंदिस्त डॅम्पर होता. चाक जमिनीला चिकटून राहतंय, फोर्क नेमका चालतोय, हे सगळं कौतुक खरं म्हणजे या दोन गोष्टींचं. टेकडीवरच्या गप्पांत मात्र श्रेय गेलं हवेला. ज्या स्प्रिंगला दशकभर डॅम्परच्या पापाचा दोष मिळाला, तिच्या हातून आता डॅम्परच्या पुण्याचं श्रेयही निसटलं. त्याच सुमारास फॉक्सचा डाउनहिलचा ४० हा फोर्कही हवेवर गेला, अर्ध्या किलोच्या आसपास हलका झाला, आणि उतारावरच्या शर्यतींतही कॉइलचं आसन डळमळलं.

असं का झालं? पायवाटेवर कॉइल हरली म्हणून नव्हे. ती हरली दुकानातल्या तराजूवर आणि गोदामात. कॉइल फोर्क तीनशे ते पाचशे ग्रॅमने जड, आणि गिऱ्हाईक सायकल उचलून पाहतं. एअर फोर्कमध्ये शॉक पंपाने दाब बदलला की ५० किलोची मुलगी आणि ९५ किलोचा बाप एकाच मालावर भागतात. कॉइलसाठी दुकानदाराला चार-पाच स्प्रिंगा ठेवाव्या लागतात. कंपन्यांच्या हिशोबात हा मुद्दा निकाली ठरला. चढाच्या शर्यती खेळणाऱ्याने हवाच घ्यावी, मीही तेच सांगेन. हवा शेवटच्या टप्प्यात आपोआप कडक होते, त्यामुळे मोठ्या उडीनंतर फोर्क तळाला आदळत नाही, हाही तिचा खरा गुण. पुढे रॉकशॉक्सने फोर्कला सुरुवातीला दबायला मदत करणारा आतला उलट दाबाचा कप्पा मोठा केला, तेव्हापासून हवेचा सुरुवातीचा ताठरपणाही बराच कमी झाला.

पण कमी झाला, गेला नाही. हवा कोंडून ठेवायला सील घट्ट लागतात, आणि प्रत्येक बारीक खड्ड्याला आधी त्या सीलचं घर्षण मोडावं लागतं. पावसाने धुपलेल्या, कातळाचे कंगोरे वर आलेल्या आपल्या वाटांवर त्यामुळे खडा न् खडा तळहातात उतरतो. स्प्रिंग तिथे पहिल्या मिलिमीटरपासून हलते आणि मधल्या टप्प्यात खचत नाही. उष्णतेचंही तसंच. जानेवारीतल्या पहाटे १० अंशांत ८० पीएसआय भरलेला फोर्क एप्रिलच्या दुपारी ४० अंशांत ९० च्या घरात जातो. स्टीलला त्याचं सोयरसुतक नसतं. आणि जूनपासून चार महिने चिखल आहेच. सीलच्या कडेशी आधी तपकिरी वंगणाची कड दिसते, मग एका सकाळी सायकल पुढून बसलेली सापडते. सील किट मागवायचं, ते येईपर्यंत सायकल भिंतीला.

मार्झोकीची अखेर या सगळ्यात घडली. २००८ मध्ये ती टेनेको या अमेरिकी कंपनीकडे गेली, सायकलींच्या फोर्कचं उत्पादन तैवानला गेलं आणि सात वर्षांत कारभार आटोपला. बॉम्बर हे नाव फॉक्सने २०१८ मध्ये परत आणलं, तेही हवेचा झेड-१ घेऊन. ज्या नावाची सगळी पुण्याई स्प्रिंगची, त्याच्यातून स्प्रिंगच काढली, याचा मला आजही राग आहे. लोकांनी मागणी लावून धरली असणार, कारण पुढच्याच वर्षी झेड-१ कॉइल आला. तोवर कॅनडाच्या व्होर्सप्रंगने आणि अमेरिकेच्या पुशने महागड्या एअर फोर्कमधली हवा काढून स्प्रिंग बसवायचे संच विकायला सुरुवातही केली होती. ज्यांना तासन् तास खडबडीत उतार उतरायचे आहेत ते पदरचे पैसे घालून, वजन वाढवून स्प्रिंगकडे परत जात आहेत. दुकानातल्या त्या तरुणाला हे कुणीतरी दाखवायला हवं होतं.

आपल्याकडे असा संच मागवला तर वाहतूक आणि सीमाशुल्क धरून मूळ किमतीच्या बरंच वर जातो, आणि बसवायला नेला तर वॉरंटी जाईल असं ऐकवून परत पाठवतात. पुण्यात फक्त एका दुकानाने चार कडकपणांच्या स्प्रिंगा फळीवर ठेवाव्यात, फोर्क विकताना चालवणाऱ्याचं वजन आणि त्याच्या वाटा विचाराव्यात, आणि कॉइल व एअर असे दोन्ही फोर्क अर्धा दिवस चालवून बघायला द्यावेत. ८५ किलोच्या, दर रविवारी बोपदेवचे उतार उतरणाऱ्या माणसाला कोणता हवा ते तो स्वतः सांगेल.