पटावरील वाळवंट आणि खरे वाळवंट

बुद्धिबळाच्या पटावर ६४ घरे असतात आणि त्यांची भूमी सर्वत्र सारखीच असते. संगणकावरील युद्धखेळांत मात्र नद्या, अरण्ये आणि वाळवंटे दाखविलेली असतात. अशा अनेक खेळांत वाळवंटाला फारसे मोल नसते. तेथे धान्य पिकत नाही, म्हणून खेळाडू ते टाळून पुढे जातो.

खऱ्या वाळवंटाची गोष्ट निराळी आहे. १९७१ च्या डिसेंबरात जैसलमेर जिल्ह्यात लोंगेवाला येथे सुमारे १२० भारतीय जवानांनी रात्रभर ठाणे राखले. शत्रूचे रणगाडे मऊ वाळूत रुतले. उजाडताच आपल्या विमानांनी त्यांचा वेध घेतला. वाळूने शत्रूची वाट अडविली आणि त्यास आडोसाही दिला नाही.

त्याच जैसलमेरकडील शेतकरी उताराच्या पायथ्याशी मातीचा बांध घालून पावसाचे थोडके पाणी अडवितात. पाणी मुरले, की त्या ओलीवर गहू व हरभरा पिकतो. अशा शेतास 'खडीन' म्हणतात.

गोंदिया जिल्ह्यात वाळवंट नाही. येथे पाऊस पुष्कळ पडतो. परंतु तो मुख्यतः पावसाळ्याच्या चार महिन्यांतच. म्हणून कोहळी लोकांनी पूर्वी बांध घालून तलाव निर्माण केले. नवेगावबांधचा विस्तीर्ण तलाव त्यांपैकीच होय. अशा तलावांच्या पाण्यावर येथील धानाची शेते पोसली गेली.

पटावरील घराचे मोल खेळ रचणारा ठरवितो. भूमीचे मोल तिच्यावर राबणारी माणसे वाढवितात. मुलांनो, गावातील एखाद्या जमिनीस कोणी निरुपयोगी म्हटले, तर तेथे पाणी कोठून येते व कोठे जाते, हे प्रथम पाहा.