उपनगरी विद्युत गाडी

चर्चगेटहून सुटलेली धीमी लोकल वेग घेते न घेते तोच मरीन लाइन्स येते. (शासकीय परिभाषेत हिचे नाव बरेच लांबलचक आहे, येथे ‘लोकल’ हाच शब्द ठेवला आहे.) स्थानके अशी एक-दीड किलोमीटरवर असली, म्हणजे गाडीच्या कमाल वेगाला फारसा अर्थ उरत नाही. थांबलेली गाडी किती लवकर वेग घेते आणि किती लवकर पुन्हा थांबते, यावरच तासाभरात किती गाड्या सोडता येतील हे ठरते.

वाफेच्या इंजिनाला हे साधत नसे. सारी ओढ एकाच ठिकाणी असल्यामुळे जोर वाढवताच चाके रुळांवर घसरत. शिवाय शेवटच्या स्थानकात इंजिन सोडून दुसऱ्या टोकाला जोडावे लागे. यावर फ्रँक स्प्रेग या अमेरिकी अभियंत्याने १८९७ मध्ये शिकागोच्या उन्नत रेल्वेसाठी तोड काढली. मोटारी गाडीभर विभागून द्यावयाच्या आणि त्या सर्वांवर एकाच चालककक्षातून नियंत्रण ठेवावयाचे. मुंबईच्या परिचित बारा डब्यांच्या लोकलमध्ये तीन-तीन डब्यांचे चार संच जोडलेले असत. प्रत्येक संचातील एका डब्याखाली चार, अशा एकूण सोळा मोटारी मोटरमनने हँडल फिरवताच एकदम कामाला लागत.

भारतात अशी पहिली गाडी ३ फेब्रुवारी १९२५ रोजी बोरीबंदरहून हार्बर मार्गाने कुर्ल्यापर्यंत धावली. १९३१ मध्ये मद्रासला, १९५७ मध्ये हावड्याला तिचे अनुकरण झाले. मुंबईच्या तारेत १,५०० व्होल्टचा एकदिश प्रवाह असे. दाब कमी, म्हणून प्रवाह मोठा. गाड्या लांबवू लागताच ही व्यवस्था अपुरी पडू लागली. २५,००० व्होल्टच्या प्रत्यावर्ती प्रवाहाकडे झालेले स्थित्यंतर २०१६ मध्ये पूर्ण झाले.

मोटारींनी वाचवलेले सेकंद मात्र दारापाशी खर्च होतात. वातानुकूलित लोकलची दारे आपोआप मिटतात. २५ डिसेंबर २०१७ पासून ती मुंबईत धावत आहे. पण गर्दीत दार मिटावयास वेळ लागतो आणि ते मिटल्यावाचून गाडी हलत नाही. उघड्या दारांची गाडी ताबडतोब सुटते, आणि तिच्या दारात माणसे लटकतात. ९ जून २०२५ रोजी मुंब्र्याजवळ असेच लटकलेले काही प्रवासी खाली पडून मृत्यू पावले. साध्या लोकलला मिटणारी दारे बसवावयाची, तर आत दाटलेल्या माणसांना पुरेशी हवा कोठून मिळावी, हेही अभियंत्यालाच सोडवावे लागते.