मुलांची आवड व वार्षिक परीक्षा

मूल दहावींत गेलें कीं चित्रकलेचे रंग माळ्यावर जातात आणि गोष्टींचीं पुस्तकें कुलुपांत पडतात. सुशिक्षित कुटुंबांत ही गोष्ट इतकी अंगवळणी पडली आहे कीं तींत कांहीं वावगें आहे असें कोणास वाटतहि नाहीं. परीक्षा साधावयाची तर आवड सोडलीच पाहिजे, हें गृहीत धरून आम्ही चाललों आहों. तें कितपत खरें, याचा विचार करूं पाहणारांनीं गिजुभाई बधेका यांचें ‘दिवास्वप्न’ हें लहानसें गुजराती पुस्तक अवश्य वाचावें.

गिजुभाईंनीं (1885–1939) वकिली सोडून भावनगर येथें बालशिक्षणास वाहून घेतलें. तेथील बालमंदिर 1920 सालचें. पुस्तक 1932 सालीं निघालें. त्यांतील कल्पित शिक्षक सरकारी शाळेचा चौथीचा वर्ग एका वर्षापुरता मागून घेतो. शिक्षणाधिकारी संमति देतात, परंतु वर्षअखेरच्या परीक्षेची अट घालूनच. पुस्तकाचें खरें मर्म आम्हांस या अटींत दिसतें. परीक्षाच नको म्हणून वेगळी शाळा काढणें त्या मानानें सोपें.

पहिल्या दिवशीं त्याची फजिती होते. योजून आणलेला शांततेचा खेळ गोंगाटांत बुडतो. पुढें तो गोष्ट सांगूं लागतो, आणि तोच वर्ग चिडीचिप होतो! मुलांस काय आवडतें हें एकदां हातीं लागल्यावर सर्व काम त्याच धाग्यानें चालतें. पाठ्यपुस्तकांच्या पैशांतून वर्गाचें ग्रंथालय उभें राहतें. कविता अंत्याक्षरीनें तोंडीं बसतात. व्याकरण खेळांतून येतें. सहशिक्षक हंसतात, पालक कुरकुरतात. अभ्यासक्रम मात्र कोठेंहि टाकून दिलेला नाहीं.

हें पुस्तकांतलें यश, असें कोणी म्हणेल. आक्षेप रास्त आहे. पण लिहिणारा स्वतः मुलांत वावरलेला होता, हेंहि विसरूं नये.

आमच्याकडे दहावीस चित्रकला, शास्त्रीय संगीत, क्रीडा यांबद्दल वाढीव गुण मिळतात. सोय वाईट नाहीं. तथापि गुणांसाठींच धरलेला कुंचला गुण पदरांत पडतांच खालीं ठेवला जातो, आणि असे वाळलेले कुंचले घरोघरीं सांपडतील. आवडीस गुण लावण्यापेक्षां आवडींतून विषयांत शिरणें आम्हांस अधिक हिताचें वाटतें. तबला शिकणाऱ्या मुलास आईनें विचारावें: सोळा मात्रांचा त्रिताल व दहा मात्रांचा झपताल एकाच लयींत एकदम सुरू केले, तर दोहोंची सम पुन्हां एकत्र केव्हां येईल? तो बोटांवर मोजूं लागेल, एकाकडून ठेका धरवील, चुकेल, पुन्हां मोजील. आणि 80 मात्रा पुऱ्या होतांच सम गांठेल. शिष्यवृत्तीच्या परीक्षेंत हाच लसावि एकदम वाजणाऱ्या घंटांच्या रूपानें पुढें येतो, तेव्हां त्यास तो परका वाटत नाहीं.